विद्यार्थी दवाखान्यात आले, तर शिकवणाऱ्याला मोबदला हवा का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

सोलापूर शहरात आणि आसपास वैद्यकीय, परिचर्या, फिजिओथेरपी, फार्मसी अशी बरीच कॉलेजे आहेत. वर्गात कितीही शिकवले तरी विद्यार्थी खरा घडतो तो रुग्णाच्या खाटेजवळ, ओपीडीत किंवा औषधाच्या काउंटरवर. तिथे त्याच्याजवळ उभा राहून शिकवणारा माणूस कॉलेजच्या पगारावर असतोच असे नाही. त्याला पैसे द्यावेत का, कोणी द्यावेत आणि किती, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे वैद्यकीय शिक्षण, परिचर्या आणि करविषयक कामातील जाणकारांनी मिळून लिहिली आहेत. रुपयांचे हिशेब समजावण्यापुरते आहेत. आपापले आकडे घालून ते पुन्हा करावेत.

होटगी रस्त्यावर माझे फिजिओथेरपीचे क्लिनिक आहे. एका कॉलेजचे चौथ्या वर्षाचे चार विद्यार्थी चार-चार आठवड्यांसाठी येतात. सकाळचे तीन तास त्यांच्यात जातात. वर्षाअखेरीस कॉलेजकडून आभाराचे पत्र येते, बाकी काही नाही. पैसे मागणे बरे दिसेल का? मागायचे तर किती? — एक फिजिओथेरपिस्ट

मागा, पण हिशेब मांडून मागा. नुसते ‘काहीतरी मानधन द्या’ म्हटले की वर्षाकाठी एक शाल आणि पाकीट मिळते आणि प्रश्न तिथेच राहतो.

आधी स्वतःचे नुकसान मोजा. समजा, तीन तासांत तुम्ही एरवी १२ रुग्ण पाहता आणि एका बैठकीचे ३०० रुपये घेता. विद्यार्थी नवे असतात तेव्हा पहिल्या आठवड्यात रोजचे ९ रुग्ण होतात, दुसऱ्यात १०, तिसऱ्यात ११. चौथ्या आठवड्यात विद्यार्थी व्यायाम करवून घ्यायला, घरी काय करायचे ते समजावायला हाताशी येतात आणि आकडा पुन्हा १२ वर जातो. आठवड्याचे ६ दिवस धरले, तर ३६ रुग्ण कमी झाले, म्हणजे १०,८०० रुपये. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याचे मधले मूल्यमापन अर्धा तास, शेवटचे पाऊण तास आणि लॉगबुक (कामाची नोंदवही) तपासणे पाव तास, म्हणजे दीड तास. चौघांचे ६ तास. तुमचा तास १,२०० रुपयांचा, म्हणून ७,२०० रुपये. हातमोजे, चादरी, इलेक्ट्रोड असे किरकोळ १,००० धरा. एकूण १९,००० रुपये. चार विद्यार्थी गुणिले चार आठवडे असे १६ ‘विद्यार्थी-आठवडे’ होतात. एका विद्यार्थी-आठवड्याचे साधारण १,२०० रुपये. हा आकडा कागदावर घेऊन प्राचार्यांकडे जा.

हाच हिशेब आणखी एक गोष्ट दाखवतो, आणि ती पैशांहून महत्त्वाची आहे. नुकसान पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त होते. कॉलेजने चार आठवडे एकच गट न पाठवता दर आठवड्याला नवा गट पाठवला, तर तुमचा प्रत्येक आठवडा ‘पहिला आठवडा’ होतो. रोजचे ३ रुग्ण कमी, महिन्याला ७२, म्हणजे २१,६०० रुपये, बरोबर दुप्पट. मूल्यमापनही चौपट. विद्यार्थी मात्र काहीच नीट शिकत नाहीत, कारण हात बसायला लागला की ते निघून जातात. म्हणून मोबदल्याची बोलणी करताना आधी पोस्टिंग (एका गटाचा तुमच्याकडचा मुक्काम) लांब करून घ्या आणि मग दरावर या. सहा आठवडे एकच गट आला, तर कमी दरही परवडतो.

वेळ वाचवण्याचा दुसरा मार्ग शिकवण्याच्या पद्धतीत आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतील फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी पाच पायऱ्यांची एक छोटी पद्धत मांडली. ती आजही जगभर वापरतात. विद्यार्थ्याने रुग्ण पाहिला की आधी त्याला विचारायचे, ‘तुला काय वाटते, नेमके काय झाले आहे?’ मग ‘कशावरून?’ त्यानंतर त्या रुग्णावरून एकच सर्वसाधारण गोष्ट शिकवायची, बरोबर काय केले ते नेमके सांगायचे आणि चुकले ते दुरुस्त करायचे. पाच मिनिटांत होते. बहुतेकांचा वेळ जातो तो पहिली पायरी गाळल्यामुळे. विद्यार्थी बोलायच्या आतच आपण व्याख्यान सुरू करतो, आणि मागे रांग वाढत जाते.

आम्ही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहोत. तीन कॉलेजांच्या मुली एकाच पाळीत येतात. चाळीस खाटांच्या वॉर्डात कधी कधी चोवीस विद्यार्थिनी असतात. कॉलेजे रुग्णालयाला दर विद्यार्थिनीमागे शुल्क भरतात असे ऐकतो. शिकवतो आम्ही, लॉगबुकवर सह्या आम्ही करतो, आमच्या हातात काही येत नाही. हे योग्य आहे का? — दोन परिचारिका

योग्य नाही. पण दुखणे दोन ठिकाणी आहे. आधी संख्येचे बोलू.

भारतीय परिचर्या परिषदेच्या मापदंडात क्लिनिकल भागात एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थ्यांमागे कॉलेजचा एक शिक्षक असे प्रमाण आहे. तुमच्या चाळीस खाटा पूर्ण भरलेल्या असल्या, तरी एका पाळीत तेरा विद्यार्थिनी बसतात. भरलेल्या खाटा तीस असतील, तर दहाच. चोवीस म्हणजे जवळपास दुप्पट. अशा गर्दीत एका रुग्णाचा रक्तदाब पाच वेळा घेतला जातो आणि ज्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणून आधी अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) लेखी मागणी करा की प्रत्येक पाळीची एकूण विद्यार्थी-मर्यादा वॉर्डाच्या फलकावर लावावी आणि तिन्ही कॉलेजांचे वेळापत्रक एकत्र बसून ठरवावे. तीन कॉलेजांनी सकाळचीच पाळी मागितली की असेच होणार. दुपारची पाळी कोणालाच नको असते, पण शिकायला ती चांगली असते. राउंड संपलेला असतो आणि इन्चार्ज सिस्टरला दोन शब्द बोलायला सवड असते.

दुसरी लेखी मागणी म्हणजे कॉलेजचा क्लिनिकल इन्स्ट्रक्टर (वॉर्डात शिकवायला नेमलेला शिक्षक) हजर असल्याशिवाय विद्यार्थिनींना पाळीवर घेऊ नये. इन्स्ट्रक्टर सकाळी हजेरी घेऊन निघून जातो आणि उरलेले सहा तास स्टाफ नर्सवर पडतात, ही तक्रार नवी नाही. तो हजर असेल तर तुमचे काम प्रात्यक्षिक दाखवण्यापुरते आणि रुग्ण सुरक्षित राहील एवढे पाहण्यापुरते उरते.

आता पैशांचे. रुग्णालयाला मिळालेले शुल्क शासनाच्या खात्यात किंवा रुग्णालयाच्या समितीकडे जमा होते. ते परस्पर परिचारिकांना वाटता येत नाही, आणि कोणी रोख वाटत असेल तर घेऊही नका. मागणी अशी करावी की जी परिचारिका ठरवून, नाव घालून विद्यार्थिनींची जबाबदारी घेते, तिच्या वाट्याचे रुग्ण त्या पाळीत कमी करावेत आणि तिला मंजूर मानधन मिळावे. यात ‘नाव घालून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सगळा वॉर्ड मिळून शिकवतो म्हटले की कोणीच शिकवत नाही, आणि मानधन मात्र बसल्या जागेवर वाटले जाते. एका परिचारिकेकडे एका वेळी तीन-चारच विद्यार्थिनी द्याव्यात.

सहीबद्दल एक सांगायलाच हवे. न पाहिलेल्या प्रक्रियेवर सही करू नका. विद्यार्थिनीने कॅथेटर (लघवीची नळी) घातला असे लिहिले आणि पुढे तिच्या हातून नोकरीत चूक झाली, तर ती सही तुमच्या विवेकावर राहते.

मी चाळीस वर्षे डॉक्टरी केली. विद्या विकायची नसते, असे आम्हाला शिकवले. ज्या गावाने डॉ. कोटणीस दिले, त्या गावात विद्यार्थ्याला शिकवायचे दर ठरावेत, याचे वाईट वाटते. — एक निवृत्त डॉक्टर, सोलापूर

तुमच्या मनातली गोष्ट समजते, आणि तिला हलके लेखण्याचे कारण नाही. आपल्यापैकी पुष्कळांना ज्यांनी घडवले त्यांनी त्याबद्दल पैसा घेतला नाही. पण विद्या न विकण्याच्या शिकवणीचा आणि डॉ. कोटणीसांचा, हे दोन्ही दाखले जरा पुढे वाचले, तर वेगळे दिसते.

प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने डॉक्टर घेतात त्या शपथेत गुरूच्या मुलांना ही विद्या शुल्काशिवाय आणि कराराशिवाय शिकवीन असे म्हटले आहे, हे खरे. पण त्याच परिच्छेदात शिष्य असेही म्हणतो की गुरूला मी आईवडिलांसारखे मानीन आणि त्याला गरज पडली तर माझ्या मिळकतीतला वाटा देईन. म्हणजे फुकट शिकवणे आणि शिकवणाऱ्याचे पोट सांभाळणे ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती. आपल्याकडच्या गुरुदक्षिणेतही तेच होते. आज विद्यार्थी लाखांनी फी भरतो, ती कॉलेजकडे जाते आणि त्याला शिवण घालायला शिकवणाऱ्या सर्जनकडे, किंवा शीर शोधायला शिकवणाऱ्या नर्सकडे, त्यातले काही पोहोचत नाही. विद्या विकली जातेच आहे. विकणारा आणि शिकवणारा वेगळे झाले आहेत, एवढेच.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, कॅनडाहून चीनला आलेल्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत त्या भाषेत शिकवले आणि १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांनी दिले ते स्वतःहून दिले. तसे देणारे आजही आहेत आणि त्यांना कोणी अडवू नये. मानधन नाकारण्याची किंवा गरीब विद्यार्थ्यांच्या निधीला देण्याची सोय करारात हवीच. पण एखाद्याने स्वतःहून देणे आणि संस्थेने ते गृहीत धरून घेणे यांत अंतर आहे. शिवाय गृहीत धरण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मोठा कन्सल्टंट ‘आज वेळ नाही’ म्हणू शकतो. स्टाफ नर्स, लॅब टेक्निशियन, ग्रामीण रुग्णालयातला एकटा डॉक्टर यांना तसे म्हणता येत नाही.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा प्राध्यापक या चर्चेत येत नाही. शिकवणे हे त्याच्या पदाचे काम आहे आणि त्याचा पगार त्यासाठीच आहे. त्याने पुन्हा वेगळे मानधन मागणे हे त्याच कामाचे दोनदा पैसे घेणे होईल.

परदेशात अशा डॉक्टरांना पैसे देतात म्हणे. तिथला अनुभव काय? — एमबीबीएसची विद्यार्थिनी

देतात, पण सगळीकडे एकाच रीतीने नाही, आणि फसगतीही झाल्या आहेत.

इंग्लंडमध्ये विद्यार्थी ठेवणाऱ्या रुग्णालयांना सरकारी दराने रक्कम मिळते. वैद्यकीय विद्यार्थ्यासाठीचा दर परिचर्येच्या विद्यार्थ्याच्या दराहून कितीतरी पट जास्त असतो. ही रक्कम संस्थेला मिळते, आणि म्हणून तिथेही आपल्या परिचारिका भगिनींसारखीच जुनी तक्रार आहे की पैसा संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात विरतो आणि वॉर्डात शिकवणाऱ्याला मोकळा तास मिळत नाही. ऑस्ट्रेलियात जनरल प्रॅक्टिसला (फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याला) तीन तासांच्या एका शिकवणी सत्रामागे २०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळतात, एका डॉक्टरमागे दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रे. इथे मोजमाप तासांचे आहे, म्हणून तपासणे सोपे जाते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने तिसरा मार्ग धरला. कॉलेजकडून काहीही पैसे न घेता शिकवणाऱ्या डॉक्टरला प्राप्तिकरात सवलत, पहिल्या तीन रोटेशनसाठी (पोस्टिंगसाठी) प्रत्येकी ५०० डॉलर आणि चौथ्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येकी १,००० डॉलर. परिचर्येतील उच्चशिक्षित तज्ज्ञ आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत रुग्ण पाहणारे प्रशिक्षित सहायक) यांनाही सवलत आहे, पण कमी. त्यांचा तास डॉक्टरच्या तासाहून हलका का, याचे समाधानकारक उत्तर आम्हाला सापडत नाही.

फसगतीचे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. २००८ मध्ये कॅरिबियन बेटावरच्या एका खासगी वैद्यकीय विद्यापीठाने न्यूयॉर्कच्या सार्वजनिक रुग्णालयांशी दहा वर्षांसाठी सुमारे १० कोटी डॉलरचा करार केला, आणि शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना आपल्या विद्यार्थ्यांच्या जागा जातील अशी भीती वाटली. जो जास्त देईल त्याचे विद्यार्थी आत आणि बाकीचे दारात, असे आपल्याकडेही होऊ शकते. सोलापुरात खाटा मोजक्या आहेत. म्हणून दराला किमान मर्यादा हवी तशी कमालही हवी, आणि ती विद्यापीठाने किंवा परिषदेने ठरवावी.

मी जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. इंटर्न (एमबीबीएसच्या परीक्षेनंतर वर्षभर प्रत्यक्ष काम शिकणारे) येतात. त्यांचे कॉलेज मला मानधन देऊ म्हणते. घेऊ का? — एक वैद्यकीय अधिकारी

लेखी परवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि सेवेच्या सर्वसाधारण शर्तींचे १९८१ चे नियम तुम्हाला लागू आहेत. शासनाच्या निधीतून मिळते ते ‘मानधन’ आणि बाहेरच्या संस्थेकडून मिळते ती ‘फी’, असा फरक तिथे केला आहे. खासगी कॉलेज देऊ करते ती फी. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि तिचा काही भाग शासनाकडे भरावा लागू शकतो. परवानगी मागताना कामाचे तास ओपीडीच्या वेळेत आहेत की बाहेर, हे स्पष्ट लिहा. ओपीडीच्या वेळेतले असतील, तर परवानगी मिळणे अवघड.

खरे तर इंटर्नच्या बाबतीत पैशाहून वेळेची मागणी रास्त आहे. इंटर्न आणि पदव्युत्तर निवासी हे चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासारखे नसतात. ते जितका वेळ घेतात, त्याहून जास्त काम परत देतात. इंटर्नशिपच्या वर्षात सामुदायिक वैद्यकशास्त्राचे १२ आठवडे असतात. त्यात पहिले दोन आठवडे तुमचे जातात, उरलेल्या दहांत ड्रेसिंग, लसीकरण सत्र, मधुमेह-रक्तदाबाच्या नोंदी यांत मदत होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची तीन महिन्यांची जिल्हा निवासी योजना तर किमान ५० खाटांच्या सरकारी रुग्णालयासाठी आहे, त्यामुळे ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचा तिथे प्रश्न येत नाही.

म्हणून मागा ते हे. आठवड्यातून दोन तास ड्युटीच्या तक्त्यावर ‘शिकवणे’ असे छापलेले असावेत आणि त्या वेळी ओपीडी दुसऱ्याकडे असावी. इंटर्नला एकट्याला रात्रपाळी देऊ नका. मृत्यूचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा पोलीस केसचे कागद त्याच्या सहीने जाऊ देऊ नका. नियमाने ते त्याला करता येत नाही आणि जबाबदारी तुमच्यावर येते. पोस्टिंग आषाढीच्या पंधरवड्यात येत असेल, तर कॉलेजला आधीच कळवा. त्या दिवसांत निम्मा कर्मचारीवर्ग पालखी मार्गावर आणि पंढरपुरात असतो. तेव्हा आलेला इंटर्न गर्दीत खूप काम करतो, पण त्याचे काम पाहणारे कोणी नसते.

कॉलेजकडून मानधन घेतले, तर कर किती? माझे स्वतःचे नर्सिंग होम आहे. — एक स्त्रीरोगतज्ज्ञ

वर्षाला ५०,००० रुपयांपुढे व्यावसायिक फी गेली की कॉलेज १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापेल. तो विवरणपत्रात वजा मिळतो, त्याची चिंता नको.

काळजी जीएसटीची करा. रुग्णसेवा करमुक्त आहे, म्हणून डॉक्टरांना एरवी नोंदणी लागत नाही. पण उच्च शिक्षणसंस्थेला बाहेरून दिलेली शिकवणी-देखरेख त्या सवलतीत धरली जाईलच असे नाही. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची, आणि ती मोजताना करमुक्त उलाढालही धरतात. नर्सिंग होमची उलाढाल त्याहून जास्त असेल, तर साठ हजारांच्या मानधनापायी नोंदणीचा प्रश्न उभा राहू शकतो. कॉलेजने तुम्हाला अंशकालीन कर्मचारी म्हणून नेमणूकपत्र देऊन पगार दिला, तर तो जीएसटीच्या कक्षेत येत नाही. करारावर सही करण्याआधी मसुदा सी.ए.ना दाखवा, नंतर नको.

मी एका आरोग्यविज्ञान महाविद्यालयात क्लिनिकल समन्वयक आहे. बाहेरच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना मानधन द्यायला संस्था तयार झाली आहे. करारात काय असावे? — एक समन्वयक, सोलापूर

अभिनंदन. आता करार ढिला राहू देऊ नका.

पैसे तासांवर आणि नेमलेल्या कामांवर द्या. लॉगबुकच्या सह्यांवर किंवा पास झालेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर देऊ नका. सहीमागे पैसे दिले की सह्या वाढतात, शिकवणे तेवढेच राहते. पास होण्यावर दिले, तर कच्च्या विद्यार्थ्याला नापास करण्याची ताकदच जाते, आणि देखरेख करणाऱ्याचे सर्वांत मोठे काम तेच आहे. करारात स्पष्ट लिहा की ‘असमाधानकारक’ शेरा दिल्याने मानधन थांबणार नाही. असा शेरा शेवटच्या दिवशी येऊ नये म्हणून पोस्टिंगच्या मध्यावर लेखी मूल्यमापन सक्तीचे करा.

करारात माणसाचे नाव हवे, फक्त रुग्णालयाचे नको. तो रजेवर असेल तेव्हा कोण, तेही नाव. एका वेळी किती विद्यार्थी, रोज किती वाजता, किती आठवडे. मानधन महिन्याच्या महिन्याला बँकेतून. वर्षाअखेरीस एकदम देण्याची पद्धत ठेवली की दोन महिने उलटल्यावर शिकवणारा वैतागतो आणि ते विद्यार्थ्यांना जाणवते. नर्स, फार्मासिस्ट, टेक्निशियन यांच्यासाठी स्वतंत्र ओळ ठेवा.

विद्यार्थ्याकडून ‘पोस्टिंग फी’ वेगळी घेऊ नका. खासगी व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०१५ च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि ते कॉलेजच्या खर्चाचे हिशेब पाहते. मानधन लेखापरीक्षित हिशेबात खर्च म्हणून दाखवा. बाहेरून गोळा केलेला पैसा तुम्हाला आणि विद्यार्थ्याला, दोघांनाही अडचणीत आणेल.

सुरक्षिततेचे कलम बहुतेक करारांत दोन ओळींत आटोपतात. ते मोठे करा. वॉर्डात जाण्याआधी हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा (० , १ आणि ६ महिने) झाल्या पाहिजेत आणि त्यानंतर रक्तातील प्रतिपिंडे १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा अधिक असल्याची खात्री हवी. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये आणि पोस्टिंग डिसेंबरात असेल, तर तिसरी मात्रा राहून जाते, म्हणून पहिली मात्रा प्रवेशाच्याच आठवड्यात द्या आणि वॉर्डातले पोस्टिंग तिसऱ्या मात्रेनंतर ठेवा. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करायचे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत, आणि सुरू केले तर २८ दिवस पूर्ण घ्यायचे. हे औषध रात्री अकरा वाजता कुठे मिळेल, कोणाला फोन करायचा आणि खर्च कोणाचा, हे करारात लिहिलेले असावे. रात्रपाळीची विद्यार्थिनी घाबरून सकाळपर्यंत गप्प बसते, आणि तेच तास वाया जातात.

डॉक्टरांचा व्यावसायिक विमाही पाहा. बऱ्याच पॉलिसींत सहाय्यकांची नावे किंवा पात्रता विचारलेली असते आणि विद्यार्थ्याच्या हातून घडलेली चूक त्यात बसेलच असे नाही. विमा कंपनीकडून लेखी घ्या, वाढीव हप्ता लागला तर तो कॉलेजने भरावा.

विद्यार्थ्यांचा अभिप्राय निनावी घ्या, पण एका पोस्टिंगचा लगेच उघडू नका. चार विद्यार्थ्यांत कोणी काय लिहिले ते शिकवणारा सहज ओळखतो. दोन-तीन गटांचे एकत्र करून दाखवा.

मुलीने डी.फार्म (औषधनिर्माणाची पदविका) केले. आता ५०० तासांचे प्रशिक्षण आहे. एक मेडिकलवाले म्हणतात, ‘दहा हजार द्या, यायची गरज नाही, प्रमाणपत्र देतो.’ दुसरे म्हणतात, ‘रोज ये, पण शिकवायचे पैसे लागतील.’ काय करावे? — एक विडी कामगार आई, सोलापूर पूर्व भाग

पहिल्याकडे जाऊच नका. ते प्रमाणपत्र खोटे ठरते. त्यावर मिळवलेली फार्मसी कौन्सिलची नोंदणी पुढे कधीही अडचणीत येऊ शकते, आणि तेव्हा भोगणार मुलगी, दुकानदार नव्हे. याहून मोठी गोष्ट म्हणजे संधिवातासारख्या आजारांवरची मेथोट्रेक्झेटची गोळी बहुतेक वेळा आठवड्यातून एकदा असते, रोज नाही, हे जिने काउंटरवर उभे राहून शिकले नाही, तिच्या हातून कोणाचा जीव जाऊ शकतो.

दुसऱ्याचे म्हणणे चूक नाही, मागण्याची जागा चुकली आहे. शिकवण्याचे पैसे त्यांनी कॉलेजकडे मागावेत, तुमच्याकडे नव्हे. मुलीने प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि प्रशिक्षणाची जागा कॉलेजने ठरवून द्यावी. प्रशिक्षण किमान तीन महिन्यांत पसरलेले हवे. रोज सहा तास धरले तर ५०० तासांना ८४ दिवस लागतात, आठवड्याला सहा दिवस म्हणजे चौदा आठवडे. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर असतो का, हे आधी दोन वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहा. प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसरीकडे असेल, तर तिथे नको. मुलीने रोजची वही ठेवावी, त्यात किती चिठ्ठ्या पाहिल्या, कोणत्या औषधाबद्दल रुग्णाला काय सांगितले, कोणती शंका विचारली हे लिहावे. तुमच्या घरी तेलुगू बोलत असाल, तर ते दुकानदाराला जरूर सांगा. पूर्व भागात म्हाताऱ्या रुग्णाला इन्सुलिन कसे घ्यायचे हे त्याच्या भाषेत समजावणारी मुलगी दुसऱ्याच आठवड्यापासून दुकानाच्या कामाला येते.

मी तपासणीची पूर्ण फी भरतो. आधी विद्यार्थी तासभर प्रश्न विचारतो, मग डॉक्टर पाच मिनिटे पाहतात. मी नकार देऊ शकतो का? फी कमी व्हायला हवी का? — एक रुग्ण, बार्शी

नकार देऊ शकता, कारण न सांगता. त्याने उपचारात काही फरक पडता कामा नये. विद्यार्थी आहे हे आधी सांगणे आणि तुमची संमती विचारणे ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. शारीरिक तपासणीसाठी तर प्रत्येक वेळी नव्याने विचारायला हवे, आणि स्त्री रुग्ण असेल तर सोबत स्त्री हवी.

फी कमी करण्याची मागणी आम्हाला पटत नाही, कारण निदानाची जबाबदारी डॉक्टरांचीच राहते. पण तास गैर आहे. विद्यार्थ्याने पंधरा-वीस मिनिटांत आटोपावे, आणि डॉक्टरांनी त्याचे म्हणणे तुमच्यासमोर ऐकावे, म्हणजे त्याने चुकीचे ऐकले असेल तर तुम्ही तिथेच दुरुस्त करू शकता. पुढच्या वेळी नाव नोंदवतानाच काउंटरवर सांगा, ‘विद्यार्थी चालेल, पण वीस मिनिटेच,’ आणि ते तुमच्या केसपेपरवर लिहून घ्या.